रोडग्यांसोबतची लाल वाइन

बा, तीन बाटल्या लाल वाइनसाठी मला नागपूरची एक फेरी, दिवसभर बंद ठेवलेलं कृषी केंद्र आणि वाइनच्या दुकानात अर्धा तास केलेलं सोंग, एवढं पडलं. लेकीचे होणारे सासू-सासरे पुण्याहून आपल्या शेतात गोवऱ्यांच्या आरात भाजलेले कणकेचे रोडगे खायला येणार होते. त्यांच्याकडे जेवताना वाइन घेतात म्हणे. मी जन्मात चाखलेली नाही. पण कान तुझे घेतलेत. तू टिचकी मारून, नुसत्या आवाजावरून, रोडगा आतून शिजला का ते सांगायचास. मी चष्मा पुसत उभा राहून गिऱ्हाइकांचं ऐकत राहिलो. तुरट वाइन तिखटासोबत नको, जीभ कोरडी पडते, हलकी अन् फळाच्या वासाची बरी, असं एक बाई नवऱ्याला समजावत होती. वांग्याच्या झणझणीत भाजीसाठी मी तिच्यामागून तीच उचलली. दुकानदार म्हणाला, "काका, रेड आहे, फ्रिजमध्ये नका टाकू. खोलीतच ठेवा."

तुला हे ऐकवायचंच होतं. राळेगावकडच्या ज्या मालकाच्या शेतात तू दरवर्षी रोडगे भाजायचास, तिथली ती पंगत आठव. मी बावीस वर्षांचा, नोकरीचा पहिला पगार झालेला. मालकानं स्वतः बसवलंय, पान वाढलंय. तू राखेच्या हातांनी येतोस अन् सगळ्यांदेखत म्हणतोस, "ऊठ. त्याहीच्या बराबरीनं बसाले तू कोण लागून गेला?" मालक म्हणतो, "बसू दे ना गा." तू ऐकत नाहीस. भरल्या पानावरून उठलो मी. काहून, ते तू कधी सांगितलं नाहीस, आणि सांगायच्या आधी गेलास. तेव्हापासून मी कोणाच्याही पंगतीत बसतो, आमदाराच्या अन् कलेक्टरच्याही. माझ्या शेतात तर पहिलं पान माझंच.

तर वाइन मी खोलीतच ठेवली. शेतातल्या खोलीत, टिनाखाली, आदल्या दिवसापासून. होळी उलटून गेलेली, बांधावरच्या पळसाला पान नाही, नुसती फुलं. बाटली उघडली तर चहासारखी गरम. व्याही भला माणूस, घोट घेऊन म्हणाला, "वा, काढा झकास जमलाय!" सगळे हसले. मीही हसलो, "आमच्याकडं खोल्या अशाच असतात, साहेब," म्हणून बाटल्या ओल्या पोत्यात गुंडाळल्या. मग निंबाआड हात धुताना विहीणबाई नवऱ्याला हळूच म्हणाल्या, "माणसं साधी आहेत हो. मुलगी शिकेल आपल्याकडे." वाईट हेतू नव्हता. पण पाण्याच्या आवाजातूनही मला ते नीट ऐकू आलं. तू तीस वर्षांपूर्वी ओरडून बोललास, त्या कुजबुजल्या. बाकी फरक काय?

पानं वाढली. लेक म्हणाली, "बाबा, तुमची जागा मधे." व्याही सरकून म्हणाले, "या ना, तुमच्याशिवाय सुरू कसं करणार?" मी म्हटलं, "घ्या तुम्ही, मी रोडगे पाहतो." रोडगे पाहायला दोन माणसं लावलेली होती.

लग्न ठरलं. हे पत्र कुठं टाकायचं नाहीच. तुझ्यावरचा राग आहे तसाच आहे. त्या दिवशी मी त्यांची गाडी गेल्यावर जेवलो, रोडग्यांच्या विझत आलेल्या आरापाशी, उभ्यानं.