ओपलचं अपेंडिक्स

प्रिय नादीन,

फोनच करणार होते. पण आमच्या रस्त्यावरच्या पाच घरांना मिळून फोनची एकच सामायिक तार, आणि शेजारची हेझल सदा रिसीव्हर कानाला लावून बसलेली. मागे मी दाताच्या डॉक्टरशी बोलत होते, तर ही मध्येच म्हणते, "आयडा, त्यापेक्षा लवंग धर गं!" लवंगेनं उतरलं, ते सोड.

परवा आपले माजी राष्ट्राध्यक्ष, टेक्सासचेच जॉन्सनसाहेब गेले. सगळं टेक्सास त्यातच आहे. काल चर्चमध्ये आम्ही बायका मोठ्या चौकटीवर गोधडी ताणून टाके घालत होतो, तेव्हाही तेच. मी म्हटलं, "अगं, त्याच दिवशी वॉशिंग्टनच्या मोठ्या कोर्टानं काय निकाल दिला, ऐकलंत का?" सगळ्यांच्या सुया थांबल्या. हेझल म्हणाली, "तुझे टाके बघ आधी, वाकडे चाललेत." चाललेच होते. मला हसू आवरेना.

मी शाळा चौथीत सोडली, पण टीव्हीवर ऐकलं त्यातून मला एवढं कळलं, की गरोदरपणाच्या सुरुवातीच्या महिन्यांत मूल ठेवायचं की नाही, हे बाईनं आणि तिच्या डॉक्टरनं ठरवायचं. ती तिची खासगी बाब. राज्यघटनेतच तसं आहे म्हणे, सरकारनं मध्ये पडायचं नाही. नऊपैकी सात न्यायाधीश हो म्हणाले. सगळे पुरुष, तरी!

माझी धाकटी बहीण ओपल अपेंडिक्सनं गेली, असं तुला सांगितलेलं. आमची आईसुद्धा थडग्यापाशी उभी राहून लोकांना तेच सांगत होती. ओपलचं अपेंडिक्स ठणठणीत होतं. कापसाच्या गोदामामागे एक बाई राहायची, तिच्याकडे ती जाऊन आली. मग ताप चढला, तो उतरलाच नाही. डॉक्टर आला असता तर मागोमाग शेरीफही बेड्या घेऊन आला असता, म्हणून कुणी बोलावलं नाही. एकोणीस वर्षांची होती. शीळ फार छान घालायची.

तुझं पत्र पोचलं. महिनाअखेरीला सीमेपलीकडे मेक्सिकोत जाणार, मैत्रिणीनं पत्ता दिलाय, असं लिहिलंयस. जाऊ नकोस, पोरी. आता लपून जायची गरज नाही. ठेवायचं की नाही ते तू ठरव, मी विचारणारसुद्धा नाही. शुक्रवारच्या बसनं मी डॅलसला येतेय. आपण दोघी इस्पितळाच्या पुढच्या दारानं आत जाऊ, आणि नाव विचारलं की तू तुझं खरं नाव सांग.

बॅग भरून बसलेली,
तुझीच आजी,
आयडा