गुणाबाईविरुद्ध तीस दिवस

१५ नोव्हेंबर १९७८, बुधवार

ही वही नाइलाजाने आणली. रोजनिशी लिहिणाऱ्या बायकांविषयी माझं मत फारसं बरं नाही — हाताला काम नसलं की लिहितात. पण आज नगरपालिकेत चिंतामणीने स्वच्छ सांगितलं की नुसती तक्रार आता चालायची नाही. नवे नियम आले आहेत. तीस दिवसांची नोंद हवी. भाजीवाली किती वाजता बसते, किती वाजता उठते, त्रास काय होतो, सगळं रोजच्या रोज.

"आणि तारीख घाला, बाई. तुम्हीच शिकवलंत ना, तारीख नसेल तर ते पत्र नव्हे, चिठ्ठी."

चिंतामणी फेरीवाल्यांच्या टेबलावर कारकून आहे. एके काळी माझ्या वर्गात तिसऱ्या बाकावर बसायचा. अक्षर तेव्हाही वाईट होतं, आजही वाईट आहे. माझीच शिकवण मला ऐकवून वर हसला!

असो. तीस दिवस तर तीस दिवस.

१६ नोव्हेंबर, गुरुवार

गुणाबाई, राहणार अंजूर. बसण्याची वेळ : सात पन्नास. उठण्याची : अकरा दहा.

माल : मेथी, मुळा, लाल माठ, वालाच्या शेंगा.

त्रास : (१) रस्त्यावर पाणी शिंपडते. (२) मोठ्याने हसते. (३) स्वतः रस्त्यावर बसते, पण पाठ आमच्या पायरीला टेकते. म्हणजे पाठ माझ्या हद्दीत आणि बाकीची बाई नगरपालिकेच्या. नऊ वर्षं हेच चाललं आहे.

मेथीची एक जुडी घेतली. तक्रार वेगळी, मेथी वेगळी.

१८ नोव्हेंबर, शनिवार

सात पंचेचाळीस ते अकरा. त्रास वरीलप्रमाणे.

नोंद करायला खिडकीत उभी होते तर खालून हाक — "बाय, आज पाच मिंटं लवकर आलेय. लिवलं का?"

तिला कोणी सांगितलं? घरात दोनच माणसं. मी सांगितलं नाही. उरले श्रीनाथ. (नवऱ्याचं नाव कागदावर लिहिताना आईचा हात कापायचा. माझा कापत नाही. बी.ए. झाल्याचा तेवढा तरी उपयोग.) त्यांना विचारलं. म्हणाले, "तिच्याविरुद्ध पुरावा गोळा होतोय, तर तिला कळायला नको? न्यायाचं तत्त्व आहे."

जन्मभर कोर्टात नाझर होते. न्यायाचं तत्त्व त्यांना फक्त भाजीवालीपाशी आठवतं.

२० नोव्हेंबर, सोमवार

नियमांचा छापील कागद आणला. दोनदा वाचला. एकंदरीत बरा आहे.

दुपारी एक ते तीन दारोदार विक्रीला बंदी — ही सूचना माझी! गेल्या वर्षी लेखी दिली होती. मात्र आज दुपारी दीडला एक इसम धुण्याची पावडर घेऊन आला, मी नियम दाखवायला कागद शोधेपर्यंत श्रीनाथांनी दोन पुडे घेतलेसुद्धा.

बाकीचे नियम : रस्त्यावर बसायचं तर परवाना हवा. एकाच जागी तीन वर्षं बसत असल्याचा पुरावा दिला तरच परवाना. अर्ज तीस नोव्हेंबरपर्यंत. परवाना असला तरी जागा लागोपाठ सात दिवस रिकामी राहिली तर यादीतल्या पुढच्याला. म्हणून आपल्या गैरहजेरीत कोण बसेल त्याचं नाव अर्जातच लिहायचं. परवानेदाराला पितळी बिल्ला मिळेल, तो दिसेल असा लावायचा.

व्यवस्थित आहे. शिस्त अशीच असावी.

२१ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळी चिंतामणी टेप आणि खडू घेऊन गल्लीत आला. आमच्या पायरीसमोर चार बाय तीनचा चौकोन आखला. गुणाबाई हौसेने चौकोनात बसून दाखवू लागली. मावली.

मग त्याने पुरावा मागितला. रोज बाजार फीची पावती फाडतात, त्या पावत्या. तीन वर्षांच्या नकोत, महिन्याला एक असली तरी पुरे.

तिच्याकडे एकही नाही!

"अगं, रोज मिळते ना? करतेस काय त्यांचं?" चिंतामणीने विचारलं.

"मिर्च्या बांदते. बारका कागद मिर्च्यांना बरा." तिने माझ्याकडे बोट केलं. "यांच्याच घरान गेल्यात निम्म्या."

चिंतामणीने माझ्याकडे पाहिलं. मिरच्या आल्या की पुडीचा कागद चुलीत जातो. नऊ वर्षं मी या बाईचा पुरावा जाळते आहे.

चिंतामणी म्हणाला, पावती नाही तर परवाना नाही. एक डिसेंबरपासून गाडी फिरेल, पाटी उचलून नेतील. ही जागा यादीतल्या पुढच्याला मिळेल. पुढचा म्हणजे धामणकर नाक्यावरचा प्लॅस्टिकच्या बादल्यावाला. तो भोंग्यातून ओरडतो.

मला हवं होतं ते झालं. नोंद ठेवण्याची आता गरज नाही. तरी लिहिते : उठण्याची वेळ दहा वीस. चाळीस मिनिटं लवकर.

२४ नोव्हेंबर, शुक्रवार

आली नाही. दुसरा दिवस.

पायरी कोरडी. त्रास : नाही.

२५ नोव्हेंबर, शनिवार

आली नाही. पलीकडच्या नीलाने वरून विचारलं, "तुमची भाजीवाली कुठे गेली हो?" माझी! मी म्हटलं, माझी नाही, नगरपालिकेची. ती हसून आत गेली.

तीन दिवस बटाटा. श्रीनाथ जेवताना बटाट्याकडे जरा जास्त वेळ पाहतात.

२७ नोव्हेंबर, सोमवार

आली! सात पन्नास.

चार दिवस कुठे होतीस, विचारलं. गावात पावत्या शोधत होती. शेजारणींच्या घरी, टोपल्यांच्या बुडाशी, देवाच्या फळीवर. जावेकडे चार मिळाल्या, पण त्या जावेच्या.

मी म्हटलं, "नवीन मंडईत ओटे बांधलेत. तिथे पुराव्याशिवाय जागा देतात. डोक्यावर पत्रा आहे. जा की तिकडे."

"तिकरं भवानी कोन करील?"

"कोणीही करेल. पहिलं गिऱ्हाईक म्हणजे पहिलं गिऱ्हाईक."

तिने मुळ्याची माती झटकली. म्हणाली, "तसा न्हाय बाय. तुमी आदी वराडता, मंग येक जुरी घेता. तुमी वराडल्याशिवाय माजी पाटी कवा रिकामी झाली न्हाय. येकदा तुमी पुन्याला गेल्ता तवा सगला माठ परत नेला."

म्हणजे नऊ वर्षं ती पायरीला पाठ सावलीसाठी टेकत नव्हती. माझ्या ओरडण्याची वाट पाहत होती. आणि मी नेमाने ओरडत होते!

मी मुळा उचलून पाहिला आणि भाव न विचारता परत ठेवला. माझ्या बाबतीत हे क्वचित होतं.

मग कळलं की तिची मुलगी काशी पहिलटकरीण आहे, मानकोलीला दिलेली. बाळंतपणाला माहेरी येणार. तिच्या डिंकाला, तुपाला या पाटीशिवाय दुसरा आधार नाही. हे तिने सांगितलं नाही. मेथी घ्यायला आलेल्या नीलाने तिच्याकडून काढून घेतलं. मी फक्त ऐकलं.

मेथीच्या दोन जुड्या घेतल्या.

२८ नोव्हेंबर, मंगळवार

भोंगा. खरं कारण भोंगा हेच आहे, ते आधी लिहून ठेवते. बादल्यावाला पायरीसमोर आला तर माझं डोकं उठेल. गल्लीच्या टोकाला यंत्रमाग दिवसरात्र खडखडतातच, त्यात भोंग्याची भर नको. म्हणून आणि केवळ म्हणूनच मी आज लोखंडी पेटी उघडली.

माझ्या प्रत्येक पत्राची कार्बन नकल मी ठेवते. गुणाबाईविरुद्ध अकरा तक्रारी निघाल्या. पहिली १९६९ च्या जूनमधली, शेवटची या ऑगस्टमधली. प्रत्येकीवर नगरपालिकेचा आवक शिक्का, क्रमांक आणि तारीख. प्रत्येकीत जागा, वेळ, नाव, गाव. एकीत तर नकाशासुद्धा काढला होता, बाणासकट.

श्रीनाथ मागे येऊन उभे राहिले. चष्मा लावून दोन वाचल्या.

"इतका भक्कम पुरावा मी कोर्टात क्वचित पाहिला," म्हणाले. "आरोपीच्या बाजूचा."

मी त्यांना चहा टाकायला पाठवलं.

३० नोव्हेंबर, गुरुवार

शेवटचा दिवस. गुणाबाईला घेऊन अकरा वाजता नगरपालिकेत. तिने नवं लुगडं नेसलं होतं. मी म्हटलं, लग्नाला नाही जायचं. म्हणाली, "सायबाच्या टेबलावर जायाचा हाय ना."

चिंतामणीपुढे अकरा नकला मांडल्या. तो म्हणाला, "बाई, या तर तक्रारी आहेत. तिला उठवा म्हणून."

"उठवा म्हणजे बसलेली आहे. बसलेल्या माणसालाच उठवतात. शिक्का कोणाचा?"

"आमचा."

"तारीख?"

त्याने पाहिलं. उजव्या कोपऱ्यात.

साहेब आत होते. चिंतामणी नकला घेऊन आत गेला. बाहेर आला तो म्हणाला, साहेबांना खात्री हवी आहे, मोठ्याने वाचून दाखवा म्हणतात. मग दार उघडं ठेवून त्याने अकराच्या अकरा वाचल्या. "सदर स्त्री सकाळी आठपासून माझ्या पायरीस पाठ लावून बसते." "सदर स्त्री पावसातही उठत नाही, डोक्यावर इरलं घेते व गाणे म्हणते." "सदर स्त्रीस बोलले असता ती हसते." सगळं ऑफिस ऐकत होतं. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसले. आपलंच लिहिणं इतकं लांबलचक असेल असं वाटलं नव्हतं.

गुणाबाई मात्र पदर सावरून, मान ताठ करून, लग्नात मंगलाष्टकं ऐकावीत तशी ऐकत होती. शेवटची संपल्यावर म्हणाली, "सदर म्हंजे मीच ना?"

म्हटलं, हो.

"येवरा कोनी लिवला नव्हता माज्यावर. रेशनकार्डावर पन येकच वल लिवलेली हाय."

साहेबांनी पुरावा मानला. अकरांपैकी दहा फाइलीला लावल्या. एक गुणाबाईने मागून घेतली, इरल्याची. तुला वाचता येत नाही, काय करणार, मी विचारलं. "भिंतीला लावीन. काशी वाचील."

अर्ज चिंतामणीने भरला. "गैरहजेरीत बसणार" हा रकाना कोरा राहिला. मी बजावलं, मुलीचं नाव घाल, नाहीतर जावेचं. रकाने कोरे सोडू नयेत. "बगते," म्हणाली, आणि चिंतामणीशी बोलायला मागे थांबली. मी पुढे निघाले. मला उन्हात ताटकळायला आवडत नाही.

७ डिसेंबर, गुरुवार

परवाना मिळाला. सात चाळीसला बिल्ला लावून आली. पितळी, घासून चकचकीत केलेला, चोळीला उजव्या खांद्यावर. गल्लीतल्या सगळ्यांना दाखवून झालं.

मी म्हटलं, "पाणी कमी शिंपड." भवानी झाली. साडेनऊला पाटी रिकामी! योगायोग.

बादल्यावाल्याला नवीन मंडईत ओटा मिळाला, असं चिंतामणीने जाता जाता सांगितलं. तिथे पत्र्याखाली त्याचा भोंगा अधिक घुमत असेल. ते त्या वॉर्डातल्या कोणीतरी बघावं.

१२ डिसेंबर, मंगळवार

काशी अंजूरला आली. दिवस भरत आले आहेत. गुणाबाईचं लक्ष नाही, एका गिऱ्हाइकाला मुळ्याऐवजी माठ दिला. सुईण गावात आहे, पण आई हवीच. बाळंतपण, मग पाचवी, मग बारसं — बारा-पंधरा दिवस तरी जाणार.

सात दिवसांचा नियम तिला आठवत आहे की नाही, विचारलं. म्हणाली, "हाय ना ध्यानात. नाव दिलंय मी."

तिची जाऊ येणार असेल. जाऊ रोज इथवर येऊन वेळ पाळेल, असं काही मला वाटत नाही.

१४ डिसेंबर, गुरुवार

तिसावा दिवस. नोंद पूर्ण.

सकाळी सव्वासातला गुणाबाई टेम्पोने आली व त्याच टेम्पोने परत गेली. माल रोज तिचा दीर बाळाराम आणून टाकेल. तिच्याकडून मिळालं ते असं : तराजू एक. वजनं चार, पैकी पावशेराचं झिजलेलं (बदलून घेणे). गोणपाट एक. पाण्याचा डबा एक. मेथी वीस जुड्या, माठ बारा, मुळा दहा. पितळी बिल्ला क्रमांक ३१. परवाना एक. त्यात "गैरहजेरीत बसणार" या रकान्यात चिंतामणीच्या वाईट अक्षरात माझं संपूर्ण नाव, आणि नात्याच्या जागी "पायरीवाली".

तोंडी सूचना एक : भवानी होईपर्यंत कोणावर ओरडायचं नाही.

वस्तू मोजून घेतल्या. पोच लिहून दिली. सही केली, तारीख उजव्या कोपऱ्यात घातली. श्रीनाथ पिशवी घेऊन पायरीवर उभे आहेत.

बसण्याची वेळ : सात पंचावन्न.