सहावी पायरी

१४ ऑगस्ट

ती. वन्संना,
सा. न. वि. वि.

ह्यांची तब्येत बरी आहे. डोक्याची जखम भरली, जेवण पोटभर जातं, आणि चहात साखर कमी पडली की अजून तोंड वाकडं होतं. म्हणजे तुमचा भाऊ जागेवर आहे.

डोक्यातली गाठ काढल्यावर डॉक्टरांनी रोज मोठ्याने वाचायला सांगितलं होतं, ते चालू आहे. नातीच्या शाळेची रंगांची पुस्तकं होती, जसजसं वाचन अवघड तसतसा पुढचा रंग. अगदी बाळबोध रंग सोडून पिवळ्यापासून सुरुवात करून हे चौथ्या रंगापर्यंत, जांभळ्यापर्यंत पोचले आणि तिथेच अडकले. त्यात लेकीची बदली झाली आणि पुस्तकंही गेली. आता शेजारच्या बाईंनी त्यांच्या शाळेची तशीच, पण आकड्यांच्या पायऱ्यांची पुस्तकं दिली आहेत. त्यातली सहावी पायरी हे न अडखळता वाचतात. चित्रं जरा मोठी आहेत, पानं मोकळी आहेत, पण चारावरून सहावर आले म्हणून मी मनातल्या मनात पेढे वाटले.

तुम्ही शाळेचं ग्रंथालय सांभाळता, दोन्ही संच तुमच्याकडे असतील. जांभळा म्हणजे कितवी पायरी, तेवढं नक्की कळवा. महिनाअखेरच्या शुक्रवारी डॉक्टर हेच विचारणार. वाचन मागे गेलं असेल तर गाठ परत वाढतेय असं धरावं लागेल, म्हणाले.

लोभ आहेच, सध्या तो जरा जास्त लागतो.
तुमची,
वहिनी

२० ऑगस्ट

चि. सौ. वहिनीस,
अनेक आशीर्वाद.

मला गोड बोलता येत नाही हे तुला लग्नाच्या पहिल्याच वर्षी कळलंय, म्हणून सरळ लिहिते. दोन्ही संच टेबलावर शेजारी शेजारी मांडले. आमच्या शिक्षिकेलाही बसवलं, कारण मला माझ्या डोळ्यांवर विश्वास ठेवायचा नव्हता.

रंग आणि पायऱ्या एकास एक नसतात गं. एकेका रंगात दोन-तीन पायऱ्या मावतात. जांभळ्यात पानभर मजकूर असतो, लांब वाक्यं असतात. ते अकराव्या पायरीच्या आसपास येतं. सहाव्या पायरीत चित्राखाली दोन ओळी. ते पिवळं. धाकटा चारावरून सहावर गेलेला नाही. जिथून सुरुवात केली तिथे परत आलाय.

हे लिहायचं नव्हतं. पण तू नक्की विचारलंस, आणि डॉक्टरांना चुकीचं सांगून चालणार नाही. त्या शुक्रवारी मी रजा काढून येते. तोवर त्याला काही बोलू नकोस.

तुझ्यावर जीव आहे, तो कधी बोलून दाखवला नाही एवढंच.
तुझी,
नणंद

२५ ऑगस्ट

ती. वन्संना,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आलं तेव्हा मी दवाखान्यात नंबर लावायला गेले होते. परत आले तर हे खिडकीशी चष्मा लावून बसलेले, पत्र मांडीवर उघडं. ताईचं अक्षर दिसल्यावर ते कशाला थांबतात? वन्सं काय म्हणतात, म्हणून विचारलं. तर म्हणाले, ताई खूश आहे, प्रगती झकास चाललीय म्हणते, तुला शाबासकी द्यायला सांगितलीय.

मी स्वयंपाकघरात जाऊन पत्र वाचलं. मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

तीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासलेला माणूस. लग्नपत्रिका हातात आली तरी आधी चुका शोधायचा. त्यांना तुमचं पत्र वाचताच आलं नाही, आणि ते लपवायला त्यांनी मनचं काहीतरी ठोकून दिलं? की सगळं वाचता आलं, आणि मला सांभाळून घेतलं? पहिलं खरं असेल तर माझा नवरा हातातून चाललाय. दुसरं खरं असेल तर तो अजून आहे, पण त्याला सगळं ठाऊक आहे. यातलं काय मागावं तेच मला कळेना. आणि विचारायची हिंमत होत नाही.

शुक्रवारी डॉक्टरांना तुम्ही लिहिलंय तसंच सांगेन. तुम्ही मात्र या, मला एकटीला ते बोलवणार नाही.

बाहेर आले तेव्हा हे माझ्याकडेच बघत होते. मी पदराला हात पुसले आणि म्हटलं, हो, वन्संनी खरंच छान लिहिलंय.

माया पातळ होऊ देऊ नका.
तुमची,
वहिनी