मंगळावर निघालेल्या भावास

॥ श्री ॥
चंडीगड, सेक्टर ३९
दि. ४ नोव्हेंबर १९९०

चि. श्रीनिवास यास आजीचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

तुला भाषणात पहिलं बक्षीस मिळालं हे वाचून मी इतकी हरखले की गॅसवरचं दूध उतू गेलं आणि तुझी आई रागावली. रागावू दे. तू पाठवलेलं छापील भाषण मी दोनदा वाचलं. मी चौथी शिकलेली, अक्षर लावत वाचते, पण वर नातवाचं नाव असलं की डोळ्यांना बरं दिसतं. भाजीवाल्यालाही सांगितलं. तो म्हणाला, माताजी बधाई हो, आणि पिशवीत दोन शलगम जास्तीचे टाकले. ते मला आवडत नाहीत, पण घेतले.

आता राग. तू म्हणतोस पृथ्वी दुरुस्तीच्या पलीकडे गेली, माणसाने मंगळावर जाऊन राहावं. वर उदाहरण आमच्या चंडीगडचं, की रिकाम्या माळावर नकाशा काढून नवं शहर वसवलंच ना. हे मी शेजारच्या बीजींना माझ्या मोडक्या हिंदीत सांगितलं. लाहोर सुटलं तेव्हा त्या परकऱ्या वयाच्या होत्या. म्हणाल्या, माळ रिकामा कुठे होता, इथे गावं होती, ती उठवली. हे जुने आंबे काय नकाशावाल्यांनी लावले? आणि मी सांगते, ढेकूण झाले म्हणून घर बदललं तरी ते गादीतून बरोबर येतात. मंगळावर गाद्या कुठल्या नेणार तुम्ही?

मुख्य गोष्ट राहिलीच. बीजींच्या मुलीचं, पम्मीचं लग्न ९ डिसेंबरच्या रविवारी आहे. त्यांच्यात नवरा-नवरी ग्रंथसाहेबांना चार फेरे घालतात, त्यांना लावां म्हणतात. तेव्हा नवरीचे भाऊ भोवती उभे राहून तिला हात देत पुढे नेतात. तिचा भाऊ गुरमीत दोन वर्षांपूर्वी बटाल्याला गेला तो परत आलाच नाही. कोणी नेला, पोलिसांनी की अतिरेक्यांनी, बीजींना अजून कळलेलं नाही. चुलतभाऊ भीतीने तिकडून निघत नाहीत. बीजींनी तुला मागितलं आहे. मी हो म्हटलं. ये.

माया आहेच, ती वाढव.
तुझी आजी

*

मुंबई, वसतिगृह
दि. १३ नोव्हेंबर १९९०

ती. आजीस शि. सा. न. वि. वि.

तुझं ढेकणांचं वाक्य मित्रांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, आजीलाच स्पर्धेला पाठवायला हवं होतं.

पण आजी, मी येणार नाही. गुरमीत आणि मी एका सायकलवरून शाळेत गेलो. गच्चीवर झोपून मंगळ कुठला यावर भांडलो. तो बसमध्ये बसला आणि संपला, आणि दुसऱ्या दिवशी दुधाच्या बूथवर नेहमीसारखी रांग लागली. या जगाची दुरुस्ती करा म्हणणाऱ्यांनी आधी मला सांगावं, कुठला स्क्रू पिळायचा. मला त्याच्या जागेवर उभं करू नका. बाबांनीही लिहिलं आहे की येऊ नकोस.

तुझा आशीर्वाद हवाच आहे.
श्रीनिवास

*

॥ श्री ॥
चंडीगड
दि. २० नोव्हेंबर १९९०

चि. श्रीनिवास यास अनेक आशीर्वाद.

आशीर्वाद देते, पण दात आवळून. विनायकाने तुला परस्पर लिहिलं हे मला तुझ्याकडून कळावं? जेवताना विचारलं तर तो पेपरामागे गेला. एवढा शास्त्रज्ञ, पण आईसमोर पेपर लागतो.

आणि तू. गुरमीत तुझा मित्र होता, मग बीजींचा कोण होता? त्या मंगळावर गेल्या का? परवा पिंजारी आला होता. रजयांचा कापूस गोळा झालेला, तो पिंजून घेतला आणि आम्ही दोघी अंगणात उन्हात बसून टाके घालत होतो. गुरमीतची रजईही त्यांनी पिंजून घेतली. मी सुईत दोरा ओवून दिला, तेवढंच. त्यांना रोज सकाळी उठावं लागतं, पम्मीचे कपडे शिवावे लागतात, दुधाच्या त्या रांगेत उभं राहावं लागतं. रांगेला नावं ठेवतोस, त्या रांगेत त्या होत्या.

तुम्ही शिकलेले लोक हात झटकता आणि त्याला विचार म्हणता. मला फार राग आला आहे. पत्र आईला दाखवू नकोस, म्हणजे ती इथेच आहे म्हणा, रागात काय लिहिते कळत नाही. थंडी पडली. येताना मफलर आण.

लोभ ठेवायचा की नाही ते तू आल्यावर ठरवीन.
आजी

*

परतीच्या गाडीतून
दि. ७ डिसेंबर १९९०

ती. आजीस सा. न.

तिकीट काढलं होतं. तुला कळवलं नाही, एकदम दारात उभं राहायचं होतं. दिल्लीपर्यंत आलो. पेपरात पुन्हा एका बसमधून माणसं उतरवून मारल्याची बातमी होती. चंडीगडची बस समोर उभी होती, कंडक्टर हाका मारत होता. माझा पाय पायरीवर चढला नाही. बस निघून गेली, पुढचीही गेली.

पम्मीला सांग, परीक्षा आहे. रागाव, पण पत्र पाठव.
श्रीनिवास

*

॥ श्री ॥
चंडीगड
दि. १६ डिसेंबर १९९०

चि. श्रीनिवास यास आशीर्वाद.

लग्न झालं. तुझं पत्र मिळेपर्यंत मी रोज फाटकाशी जाऊन येत होते. मला वाटायचं, हा रागावून का होईना, येईल.

गुरुद्वारात बीजींचा दीर आणि त्याचा एक मित्र भावांच्या जागी उभे राहिले. ग्रंथसाहेबांच्या एका बाजूला कोणीच नव्हतं. विनायक डोक्याला रुमाल बांधून बसला होता. मी त्याच्याकडे पाहिलं, त्याने सतरंजीकडे पाहिलं. मग मीच उठले. गुडघा धरून उठले, पदर डोक्यावर घेतला आणि जाऊन उभी राहिले. एक म्हातारे सरदारजी हळूच म्हणाले, माताजी, इथे भाऊ लागतो. मी म्हटलं, भाऊ येईपर्यंत मी आहे. बीजींनी त्यांना हाताने गप्प केलं. चारही फेऱ्यांना पम्मी माझ्यापाशी आली की मी तिच्या खांद्याला हात लावून पुढे केली.

परीक्षेचं मी सांगितलं नाही. काल ती नवऱ्याबरोबर माहेरी आली होती. तुझं पत्र त्याआधी पोचलेलं. तिला खरं सांगितलं, की दिल्लीपर्यंत आला आणि भिऊन परत गेला. मला वाटलं, चिडेल. तिने दोनदा विचारलं, दिल्लीपर्यंत आला होता? आणि मग किती वेळ माझा हात सोडला नाही. मला तुझा राग आहे तो आहेच. विनायकाशी तर आठवडाभर मी मिठापुरतं बोलते. पण तिच्या तोंडावर जे दिसलं ते तुला कळवायला हवं, म्हणून लिहिते.

आता नीट वाच. लग्नानंतरच्या पहिल्या लोहडीला, संक्रांतीच्या आदल्या दिवशी, भाऊ माहेरचा आहेर घेऊन बहिणीच्या सासरी जातो. तिचं सासर रोपडला, बसचा रस्ता. तेरा जानेवारी, त्या दिवशीही रविवारच आहे. तू येतोस असं मी बीजींना सांगून टाकलं आहे, तुला न विचारता. दिल्लीच्या स्टँडवर मी तुला घ्यायला येईन, तुझी आई नको म्हणेल, म्हणू दे. तिथून इथपर्यंत आणि इथून रोपडपर्यंत मी तुझ्याबरोबर. भीती वाटली तर वाटू दे, मलाही वाटते. खिडकीकडे मी बसेन.

राग आहे आणि मायाही आहे, दोन्ही तुझेच.
तुझी आजी