पिवळ्या गाडीच्या दारातली पुट्टी

बाबा, मी गाडी घेतली. क्लासची नाही, माझी स्वतःची. दोन दारांची, दोनच सीटची, पिवळीधमक, टप मागे दुमडणारी. सेकंडहँड असली म्हणून काय झालं, स्पोर्ट्स कार आहे. काल ती घेऊन वरसाव्याच्या पुलावर गेले तेव्हा ट्रकवालेसुद्धा मान वळवून बघत होते. तुम्हाला जाऊन सतरा वर्षं झाली. घरात पेढे वाटून झाले, शेजारणींना एकेक चक्कर मारून आणली, तरी सांगायचं राहिलंय असं वाटत होतं. गाडी कशी निवडली ते तुमच्याशिवाय कुणाला कळणार?

गेली दहा वर्षं मी मीरा रोडच्या बायकांना गाडी शिकवतेय. सिल्व्हर पार्कातून निघायचं, नया नगरच्या गर्दीत त्यांची भीती मोडायची आणि परत यायचं. मी कायम डाव्या सीटवर, पाय दुसऱ्या ब्रेकवर. दुसरी कधी चुकतेय याची वाट बघत बसायचा कंटाळा आला होता मला. चाळिशीला एक गाडी फक्त आपल्यासाठी घ्यायची असं ठरवूनच टाकलं. नवरा म्हणाला, "लेकीला कुठे बसवणार, टपावर?" मी म्हटलं, "टप उघडतो, तिथेपण जागा नाही." तो हसला आणि मग गंभीर होऊन म्हणाला, "साठवलेलं सगळं घालतेयस. फसलीस तर क्लासची गाडीपण विकावी लागेल." त्यात खोटं काहीच नव्हतं. त्या रात्री मी नीट जेवले नाही.

काशीमिऱ्याच्या डीलरने आठवडाभर मिस्ड कॉल देऊन जीव खाल्ला होता, म्हणून रविवारी सकाळीच आम्ही दोघं गेलो. पत्र्याच्या शेडमध्ये दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या. एकच कंपनी, एकच साल, पळालेल्याही जवळपास सारख्याच. एक लाल, एक पिवळी. लाल अशी चकाकत होती की तिच्यात बघून भांग पाडावा. शेठ माझ्याकडे बघतच नव्हता. नवऱ्याला म्हणाला, "भाभीजी को कलर पसंद करने दो, बाकी अपन देख लेंगे." मला राग आला, पण बरंही वाटलं, कारण मला एकटीला सोडलं की मी नीट बघते. पर्समधून तुमचं चुंबक काढलं. मी दहा वर्षांची असताना जुन्या स्पीकरचं काढून, रंगाला चरा पडू नये म्हणून फडक्यात शिवून दिलेलं तेच. लाल गाडीवर ते सगळीकडे घट्ट बसलं. पिवळीच्या डाव्या दारावर आलं आणि सुटून हातात पडलं. रंगाखाली पुट्टी भरलेली, तिला चुंबक धरत नाही. "झालं," नवरा म्हणाला, "लाल घेऊ." शेठही लगेच म्हणाला, "पीली में छोटा टचअप है, मॅडम. लाल एकदम क्लीन."

आणि मी बारा वर्षांची होऊन तुम्ही कामाला होतात त्या गॅरेजात उभी आहे. सुट्टीचे दिवस. तुम्ही चार दिवस खपून एका गाडीचं दार सरळ केलंय, रंग वाळलाय, गाडी विकत घेणारं गिऱ्हाईक बघायला आलंय. मी चुंबक फिरवते आणि सगळ्यांसमोर मोठ्याने सांगते, "ह्याच्यात पुट्टी आहे." गिऱ्हाईक निघून जातं. गॅरेजचा मालक तुम्हाला चार कारागिरांदेखत नको नको ते बोलतो आणि तुम्ही खाली बघत ऐकून घेता. मला मारलं नाहीत तुम्ही. हात पुसत एवढंच म्हणालात, "पुट्टी म्हणजे चोरी नाय. खाली पत्रा कसा आहे बघितलास? नाय ना? मग तोंड कशाला उघडलंस?" दुसऱ्या दिवसापासून माझं गॅरेजात येणं बंद. आई मात्र नातेवाइकांत सांगत सुटली की आमची पोर खरं बोलली. मीही तेच धरून बसले. पकडले गेलात म्हणून चिडलात, असं मला कितीतरी वर्षं वाटत होतं.

काशीमिऱ्याला तुमचा तो प्रश्न आठवला आणि मी खाली बघायला लागले. पिवळीच्या दाराचं आतलं कव्हर शेठला काढायला लावलं, हात आत घातला, डोळे मिटले. हातोडीचे ठोके बारीक, एकसारखे. पत्रा जवळजवळ जागेवर आणलेला, म्हणजे वर पुट्टीचा थर नखाएवढाच. डोळे उघडून बघितलं तर बिजागरीच्या बोल्टवरचा रंगही फुटलेला नाही, म्हणजे दार कधी काढावं लागलंच नव्हतं. कुणीतरी तुमच्यासारखंच मन लावून बसलं होतं त्या दारापाशी. मग लालच्या डिकीतली चटई उचलली. खाली या टोकापासून त्या टोकापर्यंत वेल्डिंग, वर ताजा रंग. मागून जबर ठोकलेली गाडी. मागचा सगळा पत्राच नवा बसवलेला, म्हणून चुंबक इतकं घट्ट बसत होतं. मी नवऱ्याचा हात धरून त्या वेल्डिंगवरून फिरवला. त्याचा चेहरा उतरला. मी म्हटलं, "पिवळी घेतेय."

शेठने डिकी स्वतः बंद केली. मग विचारलं, "ये सब कहाँ सीखा, मॅडम?" म्हटलं, "मेरे पिताजी डेंटर थे. उन्होंने सिखाया." तुम्ही ठोकलेल्या गाड्यांचे पत्रे सरळ करायचात, हे इतक्या वर्षांत एवढ्या ताठ मानेने कुणाला सांगितलं नव्हतं. क्लासच्या बायकांना मी तुम्ही 'मोटार लाईनमध्ये' होतात असं सांगायचे. त्यानंतर शेठ किमतीचं बोलला ते माझ्याशी, आणि चावीही माझ्याच हातात दिली. महिना झाला, गाडी एकदाही कुरकुरलेली नाही. टप उघडून खाडीवरून जाते तेव्हा मोठमोठ्याने गाते मी, बाबा. बेसूर, पण गाते.

हा कागद घडी घालून डॅशबोर्डच्या कप्प्यात चुंबकाखाली ठेवतेय, तिथेच राहील. एक मात्र आईलाही कधी सांगितलं नाही. त्या दिवशी मला ना त्या गिऱ्हाइकाची काळजी होती ना खऱ्याची चाड. तुमच्याइतकंच मलाही कळतं, हे सगळ्यांना दाखवायचं होतं. दार मस्त झालं होतं, बाबा. मी आधी आतून हात फिरवून बघितला होता.