आबांच्या होडीची धुराची नळी

बोरिवली,
१२ फेब्रुवारी १९८५

ती. दादास,

लवूचा साष्टांग नमस्कार (कागदावरच मान्य करून घे; कंबर धरल्यामुळे सध्या वाकवत नाही). मालवणात तुम्ही सगळे बरे ना? वहिनीचा खोकला थांबला का? इकडे आम्ही खुशाल आहोत. होडीचं मात्र सविस्तर सांगावं लागेल.

तू म्हणालास म्हणून आबांची होडी विकायला काढली. भाईंदरचे राजारामशेठ बघायला गोराईच्या खाडीवर आले. माणूस भला, पण वजनदार (मी अब्रूबद्दल बोलत नाही). इंजिनाचा आवाज नीट ऐकू यावा म्हणून ते थेट मागे, इंजिनाला खेटून बसले. होडी मागून दबली आणि धुराच्या नळीचं तोंड पाण्याखाली गेलं. इंजिन चालू होतं तोवर धूरच पाणी बाहेर ढकलत होता. खाडीच्या मध्यावर शेठना हुक्की आली, की एकदा बंद करून परत चालू करून दाखवा. मी बंद केलं. पाणी नळीतून सरळ इंजिनाच्या पोटात. हँडल फिरवायला गेलो तर ते जागचं हलेना. हललं ते माझ्या कमरेतलं काहीतरी. शेवटी पांढऱ्या सफारीतल्या शेठनीच वल्ही मारत आम्हाला किनाऱ्याला आणलं.

तेव्हा आबांची फार आठवण झाली रे. त्यांनी ती नळी इंजिनापासून आधी चांगली वर चढवून मग बाहेर काढली होती, म्हणजे पाण्याला आत यायला चढणच पडावी. आपण तिला आबांचा उंट म्हणायचो आणि भिजलेले सदरे तिच्यावर वाळत घालायचो (तुझा शाळेचा सदरा जळला तो तिथेच). होडी नांगरली की नळीच्या तोंडात लाकडी बूच, आणि बुचाची दोरी हँडलला बांधलेली, म्हणजे बूच काढायला विसरून इंजिन चालू करताच येऊ नये. ‘विसरणारा माणूस धरूनच काम करावं,’ म्हणायचे, आणि बघायचे माझ्याकडे. गेल्या वर्षी उंट गंजला. मी सरळ नळी बसवली आणि पाय पसरायला जागा झाली म्हणून खूश झालो.

मग अंधेरीच्या कारखान्यातला माझा मित्र नंदकुमार आला. इंजिनातलं पाणी काढलं, तेल बदललं, नळीला पुन्हा तसाच बाक दिला आणि तोंडावर टायरच्या रबराची झडप लावली: धूर बाहेर जातो, लाट आत येत नाही. परवा खाडीत नेली. सुकाणू नंदकुमारकडे होतं, मी पुढे तोंड करून बसलो होतो. मागून तोच जुना आवाज येत होता. वळून बघावंसं वाटेना. म्हटलं, थोडा वेळ तरी मागे आबा बसलेत असं वाटू दे.

वहिनीला नमस्कार, पोरांना पापा.

तुझा,
लवू

ता. क. प्रेमा पत्र वाचून आत गेली, आता हे लिहितोय. राजारामशेठ काल परत आले, होडी घेतो म्हणाले. मी म्हटलं, दादाला विचारतो. तर तू पुढच्या महिन्यात येशील तेव्हा प्रेमासमोर ठणकावून सांग, होडी विकायची नाही म्हणून. मी तिच्या बाजूने, विकूया म्हणून, खूप भांडेन. अजिबात ऐकू नकोस.

ता. क. भावोजी, मी प्रेमा. पाकीट चिकटवायला माझ्याकडेच दिलं. होडी मलाही विकायची नाही. लग्न होऊन आले तेव्हा मामंजींनी मला वल्हं धरायला तिच्यातच शिकवलं. पण हे भांडायला लागले की तुम्ही लगेच ‘बरं, विकूया’ म्हणा. मला एकदा यांचं तोंड बघायचंय. ‘नको’ मग मीच म्हणेन.