घुमटातला मोकळा दगड

आई,
तुझ्या पायांवर इथूनच डोकं ठेवतो. मी मजेत आहे, उगीच काळजी करत बसू नकोस.

बेटावरच्या या चर्चच्या भिंती दोन हात जाड आहेत, वारा आत फिरकत नाही. घुमटात मात्र एका दगडाची जागा कायम मोकळी ठेवतात. म्हणे, चर्च पुरं झालं की बेट बुडेल.

हसू नकोस. करारात मीच हौसेनं लिहून घेतलं होतं, 'चर्च पुरं झालं की घरी.' मी एवढा कसलेला गवंडी, वाटलं, महिन्याभरात फडशा पाडू!

परवा मी तो दगड गुपचूप बसवला. बेट जागचं हललंही नाही. फादरनी मात्र हसत दुसरा काढून माझ्या हातात ठेवला.

तुझे गुडघे काय म्हणतात? धाकटीच्या लग्नाची तारीख माझ्यासाठी अडवू नका.

तुझा,
थोरला